पाणी प्यायलेली घरं

९ जानेवारी १९७५

आणि दादाला म्हणावं, मी काही महारोग्यांचे पाय दाबत बसत नाही. हे मागच्या पत्रात लिहिलं, त्याच्या मागच्या पत्रातही लिहिलं, तरी आज त्याच्या पत्रात पुन्हा तेच. गावात लोक विचारतात, लहानू नागपुरात कोणत्या हाफिसात आहे, आम्ही काय सांगावं? तुझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो तर लोक दुरूनच राम राम करतील म्हणे. जवळ कधी घेत होते, ते विचार त्यांना. सातवी पास माणसाला कोणता कलेक्टर कुर्सी देऊन राहिला? धानाच्या बांधावर बसून दिवस मोजायचे नव्हते म्हणून निघालो. एवढंच.

पत्राला उत्तर दिलं नाही, ते सारं इथं लिहून टाकलं. ही वही यमुताईंनी दिली. त्या आमच्या संस्थेच्या मुख्य. म्हणाल्या, "हाफिसच्या वहीत घरं लिही, गोळ्या लिही. डोक्यात जे उरतं ते या वहीत. मी वाचणार नाही." मी म्हटलं, मला शुद्ध लिहिता येत नाही. तर म्हणाल्या, "डोक्यात ठेवून झोपण्यापेक्षा अशुद्ध लिहिलेलं बरं."

१६ जानेवारी, गुरुवार

आज वस्तीचा दिवस. इतवारी स्टेशनाच्या पलीकडची ही वस्ती बीडीवर जगते. दारोदार बाया मांडीवर सूप घेऊन बसलेल्या, सुपात तेंदूची पानं, तंबाखू, कैची. आम्ही एकही घर सोडत नाही. खरजेचं मलम आणि डोळ्यांचं औषध सगळ्यांना. आणि त्यातल्याच अकरा घरी, दाराआड, महारोगाच्या गोळ्या. ती अकरा कोणती हे वस्तीला कळू नये म्हणून तर सगळी घरं करायची. बीडी लोक तोंडात धरतात. वळणारीच्या अंगावर चट्टा आहे एवढं ऐकलं तरी बाबाराव तिला पान देणार नाही. बाबाराव म्हणजे सट्टेदार, कारखान्याची पानं वाटतो आणि वळलेल्या बीड्या मोजून घेतो.

अकरा घरी मी पाणी मागून पितो. हा यमुताईंचा नियम. गोळी द्यायच्या आधी पाणी मागायचं. तोंडानं कितीही सांगा की भिऊ नका, हा रोग बरा होतो, शिवल्यानं लागत नाही, लोकांना पटत नाही. त्यांच्या पेल्यातलं पाणी प्यायलं की पटतं. रंभाबाई नावाची कोष्ट्याची म्हातारी आहे, साठीची. दोन बोटं वाकली आहेत, बीडीचा धागा दातानं ओढते. पहिल्या वेळी तिनं राखेनं घासलेला पितळी पेला माझ्या हातात दिला आणि माझ्या गळ्याकडे पाहत राहिली, घोट खाली जातो की नाही. मग म्हणाली, "सहा वर्सं झाले बापा, मीच कोणाले माह्या हातचं देत नाई. तू पेला."

आमच्या गावात अशा म्हातारीनं माझ्या बाबांना रांजणाजवळ उभं केलं नसतं.

बाकीच्या घरी मी पाणी मागत नाही. पहिल्याच महिन्यात एका बाईनं विचारलं, "तुमी कोण लोक, भाऊ?" मी सांगितलं, बौद्ध. तेवढ्यात तिचा रांजण रिकामा झाला. तेव्हापासून कितीही तहान लागो, पुढच्या गोळीच्या घरापर्यंत दम धरतो. तिथं पेला तयार असतो.

२३ जानेवारी

सकाळी आंघोळीच्या वेळी अंगावरून कोंबडीचं पीस फिरवून पाहतो. वस्तीत लोकांना करतो तेच, कातडी बधिर झाली का पाहायला. आज कोपरावर कळलं नाही असं वाटलं. टाचणी टोचली. रक्त आलं तेव्हा आनंद झाला. ओल्या अंगानं तिथंच बसून राहिलो.

नत्थूजीनं कोपर पाहून ओळखलं. नत्थूजी आमचा कंपाउंडर, गोळ्यांच्या पुड्या बांधतो. "टोचून राहिला का?" म्हणे. मी बाही खाली ओढली. "वीस वर्सं झाले मले. मी फक्त रविवारी टोचतो. तू रोज टोचशील त चाळणी होईन तुही."

हसलो. पण हे वीस वर्षं करायचं?

६ फेब्रुवारी

आज थकलो तरी बरं वाटलं. वस्तीतल्या पोरांनी माझ्या नावाचा खेळ काढला आहे. एक पोट्टा खांद्याला थैली अडकवून लहानू होतो. बाकीचे रांगेनं बसतात. तो एकेकापुढे उभा राहतो, "मलम पाहिजे का, मावशी?" असं माझ्यासारखं बोलतो, आणि मधेच एकापुढे ओंजळ धरून पाणी प्यायल्यासारखं करतो. तसे सगळे ओरडतात, "लहानू पाणी पेला! लहानू पाणी पेला!" आणि पळत सुटतात. ज्याच्याजवळ प्यायला तो त्यांच्या मागे.

मी पाहत उभा होतो. गावात कोणी माझ्या नावाचा खेळ केला नव्हता. दादाला लिहायचं झालं तर हे लिहीन.

समोरच्या दारात देवकी होती. अकरातलं एक घर तिचं. पंचवीस-सव्वीसची असेल, नवरा मेला, तीन वर्षांची पोरगी आहे. तिनं पोरीला दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावलं. धूळ फार उडत होती.

१३ फेब्रुवारी

देवकीच्या अर्ध्या बीड्या बाबारावनं खराब म्हणून छाटल्या, त्यांची मजुरी नाही. आता हे दर दिवशी चाललं आहे म्हणे. मी बीडी हातात घेऊन पाहिली. बारीक, गच्च, तोंड नीट दुमडलेलं. देवकीच्या डाव्या अंगठ्याला कळत नाही, कैची लागते तरी तिला रक्त पाहिल्यावरच समजतं. पण बीडी तिच्यासारखी त्या गल्लीत कोणी वळत नाही. मी म्हटलं, सट्टेदाराचा डाव असेल, छाटलेल्या बीड्या तो गुपचूप विकतो.

"तसं असतं त समद्याइच्या छाटल्या असत्या," ती म्हणाली.

बाया पूर्वी तिच्या ओट्यावर घोळक्यानं बसून बीड्या वळायच्या. आज ती एकटीच होती. थंडी सरली, बाकीच्या सावलीला गेल्या असतील.

तिनं पाणी दिलं. पेला देताना गल्लीकडे पाहत होती.

२७ फेब्रुवारी

देवकीला पान बंद. बाबारावनं सांगितलं, आठ दिवस थांब. असं सांगितलेली बाई पुन्हा कधी सुपाला बसलेली मी ऐकली नाही.

दाराआड विचारलं तिनं, "तू सांगतलं का गा कोणाले?"

"आईची शपथ, नाही."

"मंग माहीत काहून झालं समद्याइले? मीनं त माह्या मायलेबी नाई सांगतलं."

पोरगी रिकाम्या सुपात बसून गाडी गाडी खेळत होती. मला तिथून कधी निघतो असं झालं. गोळ्या ठेवल्या आणि पाणी न पिताच निघालो.

हाफिसात येऊन नत्थूजीला बोललो. पुड्यांवर नावं तोच लिहितो, त्याच्याशिवाय कोणाला माहीत? जोरात बोललो, यमुताई नव्हत्या म्हणून बरं. तो पुड्या बांधत राहिला. बांधून झाल्यावर म्हणाला, "उद्या राहिलेले घरं करू, मी येतो तुह्या संगं. पाहू कुठून गळून राहिलं."

२८ फेब्रुवारी



नत्थूजी माझ्या मागे दहा हात अंतर ठेवून चालत होता. चौथ्या घराशी त्यानं मला हाक मारली आणि रुळांकडे नेलं.

"पहिल्या घरी कांताबाईनं विचारलं, भाऊ चहा घेता का. तू काय म्हटलं?"

"नको म्हटलं."

"त्याच्या पुढच्या दोन घरी?"

"मलम दिलं."

"आन् चवथ्या घरी पाणी मांगतलं."

मी म्हटलं, तो नियम आहे.

"आहे न. पण तू बाकी कुठीच पीत नाहीस. ऊन असो, नाई त काई असो. बायाइले डोळे नाहीत का? तू पाणी पेला त्या घरी बिमारी. वस्तीतले पोट्टे खेळून राहिले तो खेळ, तुले नाई दिसला?"

मला दिसला होता. मी त्यावर खूश झालो होतो. वहीत लिहिलंसुद्धा.

१ मार्च

यमुताईंना सगळं सांगितलं. वाटलं, काढून टाकतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. 

मग विचारलं, "बाकीच्या घरी का पीत नाहीस?"

त्या रांजणाचं सांगितलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं.

"हा नियम मी केला, पंधरा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तुझ्या नाही."

मग दोन गोष्टी बजावल्या. एक, कोणी कोणाचंही नाव घेऊन विचारलं तर हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. दुसरी, रविवारी वस्तीच्या बाजूला फिरकायचं नाही. सिनेमा पाहा, झोपा काढ. "तुझे डोळे आत गेलेत, लहानू."

मी म्हटलं, देवकीचं काय? त्या म्हणाल्या, दुसरं काम पाहू तिला, महिना-दोन महिने लागतील. महिना-दोन महिने ती पोरगी काय खाईल हे त्यांनाही माहीत नाही.

६ मार्च, गुरुवार

आजपासून सगळ्या घरी पाणी प्यायचं असं माझं मीच ठरवलं. यमुताई म्हणाल्या, जमेल तेवढं कर.

कांताबाईनं दिलं. पुढच्या घरी दिलं. त्याच्या पुढच्या घरी म्हातारा म्हणाला, "आजच कशी तहान लागली गा?" एका घरी वरून ओंजळीत ओतलं, शर्ट भिजला. एकीनं सरळ सांगितलं, "आमच्या घरी नोको पिऊ, लोक आमाले नावं ठेवतीन." दोन घरांनी मला येताना पाहून दार लावलं. तेराव्या घरापर्यंत पोट नगाऱ्यासारखं झालं. एकविसाव्या घरामागे ओकलो. एक बाई ते पाहून म्हणाली, "बिचाऱ्याले लागली वाटते तीच बिमारी."

आता रडावं का हसावं. नत्थूजीला सांगितलं तर तो हसला, मग पुड्या बांधायला लागला.

९ मार्च, रविवार

वस्तीत गेलो नाही. इतवारी स्टेशनावर गेलो, नागभीडकडे जाणारी छोटी गाडी पाहायला. गावाकडची माणसं चढताना दिसतात. कोणी ओळखीचं नसलं तरी बोली कानावर पडते. स्टेशन काही वस्ती नाही.

चहाच्या टपरीवर बाबाराव होता. "ओ पाणीवाले, या इकडे!" म्हणून हाक मारली. बाकावर जागा केली, चहा सांगितला. मला वाटलं होतं, तो शिव्या देईल. तो म्हणाला, "मले त दया येते गा त्या पोरीची. तिच्यासारखा हात नाही वस्तीत. पण उद्या कारखान्यात कोणी चुगली केली त माहीच पानं बंद होतीन. मलेबी चार पोट्टे आहेत. तू एक डाव सांग, तिले नाही म्हणून. उद्याच पान देतो."

"मी कोणाचंच काही सांगत नाही."

"म्हंजे आहे."

"म्हणजे सांगत नाही."

"नसतं त नाही म्हटलं असतं तूनं."

गाडीनं शिटी दिली. मला झोप नव्हती, सकाळपासून पोटात काही नव्हतं. ते रिकामं सूप डोळ्यापुढून जाईना. मी म्हटलं, "नाही. देवकीले काही नाही. खरूज होती."

बाबारावनं मान हलवली. त्याला बरं वाटलेलं दिसलं. "आन् कांता?"

"नाही." हे खरं होतं.

"रंभा म्हातारी?"

मी श्वास घेतला. नाहीच म्हणणार होतो. पण आधी श्वास घेतला.

बाबाराव उठला. माझ्या चहाचेही पैसे त्यानंच दिले. "समजलो," म्हणाला.

१३ मार्च

देवकीच्या सुपात पानं. पोरगी ओट्यावर. "काय केलं गा तूनं, लहानूभाऊ?" असं दोनदा विचारलं. हसत होती. मी म्हटलं, काही नाही.

रंभाबाईचं सूप खुंटीला टांगलेलं. ती म्हणाली, "बाबाराव म्हणे, म्हातारे, आता आराम कर. डोळ्यानं दिसत नाही म्हणे मले. काल्हपर्यंत दिसत होतं." तिनं पेला घासून ठेवला होता. तो भरून दिला. मी प्यायलो. काय म्हणून नाही म्हणणार होतो?

तिला सांगितलं नाही.

१५ मार्च

यमुताईंना सांगितलं. खोटं बोललो ते, आणि श्वास घेतला ते. त्या रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "बाबारावनं रंभाबाईचं नाव आधी घेतलं असतं तर?"

मी थैली आवरायला लागलो. 

त्या म्हणाल्या, पंधरा दिवस घरी जा, पगार कापणार नाही. मी म्हटलं, मी थकलो नाही. "थकलेला माणूस कोणाचं भलं करायला धावला की मला धास्ती वाटते," त्या म्हणाल्या. घरी जाऊन काय करू? दादाला तोंड द्यायला ताकद लागते, ती नाही.

पुड्या बांधता बांधता नत्थूजी म्हणाला, "देवकीसाठी जीभ कशी पटकन वळली तुही."

मी म्हटलं, तिला लहान पोरगी आहे.

"मी कुठी काई म्हणून राहिलो."

काय म्हणायचं होतं त्याला, कळत नाही. उगीच टोमणे मारतो.

२० मार्च

रंभाबाईच्या दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, भावाकडं उमरेडला गेली. खोलीचं भाडं कुठून देणार? दारासमोर पोट्टे खेळत होते. मला पाहून थांबले, पांगले.

तिच्या गोळ्या माझ्या थैलीत तशाच. पांढरी पुडी, नत्थूजीच्या अक्षरात नाव. गोळ्या बंद पडल्या तर उरलेली बोटंही वाकतील.

३० मार्च, रविवार

रविवारी फिरकायचं नाही हा नियम वस्तीसाठी होता, उमरेडसाठी नव्हता. सकाळच्या एस.टी.नं गेलो. कोष्टीपुऱ्यात विचारत गेलो, पण नाव सांगून नाही. मागावरच्या पोराला म्हटलं, नागपूरहून म्हातारी आली ते घर कोणतं. म्हातारीचे पैसे राहिले आहेत, असं थापलं. आता थापा लवकर सुचतात.

रंभाबाईनं मला दारातूनच पाहिलं आणि घाईनं गल्लीच्या वळणापर्यंत आली. चालत्या मागाचा आवाज येत होता, तरी ती कानाशी येऊन बोलली.

"इथं पाणी नोको मांगू, बापा. भावाले काई ठाव नाई."

"नाही मागत."

"तहान लागली असन तुले."

"नाही लागली."

पुडी पदराच्या टोकात बांधली. मी म्हटलं, महिन्याच्या गोळ्या आहेत, रोज घे. म्हणाली, घेते. मग म्हणाली, रिकाम्या हातानं बसून खाते म्हणून भावजय भांडी आदळते. भाऊ विचारतो, पान काहून सोडलं? डोळ्याचं सांगतलं. तो सुईत दोरा ओवून पाहायला सांगतो.

मी तेव्हा सांगून टाकलं. बाबाराव, चहा, तिचं नाव, सगळं. तिनं ऐकलं. मला वाटलं होतं, हात उगारेल, तर उगारावा. ती म्हणाली, "त्या पोरीले भेटलं का पान?"

"हो."

"बरं झालं." मग पदराची गाठ घट्ट करत, "माह्याबी नावाले नाई म्हटलं असतं त काय झालं असतं गा तुले?"

आणि परत गेली. एस.टी.ला दीड तास होता. स्टँडवरच्या नळावर पोटभर पाणी प्यायलो.

२ एप्रिल

संस्थेचा नियम आहे, खिशातून रोग्याला पैसे द्यायचे नाहीत. यमुताईंचं म्हणणं, एकाला दिले की बाकीच्यांच्या डोळ्यांकडे पाहता येत नाही, आणि आपण पैसे दिले की आपल्याला झोप लागते, रोगी तिथंच राहतो. बरोबर आहे. मला झोप पाहिजे. हेही लिहून ठेवतो, कारण त्या वाचणार नाहीत. रजेचा अर्जही आज दिला. दादाला म्हणावं, शनिवारी येऊन राहिलो, मुलगीबिलगी पाहून ठेवू नका.

रंभाबाईला मनिआर्डर करायला पोस्टात नत्थूजीला सोबत नेलं. माझं नाव घातलं तर उमरेडच्या भावानं विचारलंच, हा लहानू कोण. पाठवणारा म्हणून नत्थूजीचं नाव. त्याचं अक्षर मुनीमासारखं आहे, फार्म त्यानंच भरला. खालच्या कागदावर लिहिलं, बीडीची राहिलेली मजुरी, हिशेब पुरा. म्हणजे भावालाही पटेल आणि भावजयीलाही.

मी वीस रुपये काढून त्याच्या पुढं ठेवले. त्यानं फार्मवरून मान वर केली.

"वीस नोको. वीस म्हटलं की दान दिसते. मजुरी कधी अशी बराबर राहते का?"

मग तिथंच खिडकीजवळ उभं राहून आम्ही बीड्यांचा हिशेब केला. म्हातारीचा हात, दिवसाच्या इतक्या बीड्या, इतकी छाट, हजाराचा भाव. पैसे बोटांवर मोजले, खिडकीतला बाबू चिडला.

सतरा रुपये चाळीस पैसे.